पेन्शन आहे ना, मग नोकरी कशाला?

*वाचक ताईंचं पत्र*

नमस्कार. माझे यजमान सतरा वर्षं सैन्यात होते. ऑर्डनन्समध्ये स्टोअरकीपर. मुलांच्या शिक्षणाकडे बघायला घरी कोणी नाही म्हणून गेल्या वर्षी त्यांनी स्वतःहून पेन्शन घेतली. हवालदार म्हणून आले. वय ३९. आल्यावर महिनाभर घरात सणासारखं होतं. आता दहा महिने झाले, नोकरी नाही. सैनिक बोर्डात नाव नोंदवलंय, पण अजून एकही फोन आलेला नाही. सरकारी जाहिराती निघाल्या की फॉर्म मीच माझ्या मोबाइलवरून भरते. दोन परीक्षा झाल्या, दोन्हीत राहिले. एका गोदामाच्या कंपनीत मुलाखतीला गेले होते. पाच मिनिटांत बाहेर आले. काय विचारलं म्हटलं, तर "काय काम करत होतात, एवढंच. मी सांगितलं, स्टोअर बघायचो." त्यांच्याकडे आर्मीचं ग्रॅज्युएशनचं सर्टिफिकेट आहे, पण त्या लोकांनी ते बाजूलाच ठेवलं. एका एजन्सीने बारा तासांची वॉचमनची ड्युटी देऊ केली होती. ती यांनी नाकारली. तेव्हापासून घरात दोन तट पडलेत. सासरे म्हणतात पेन्शन आहे ना, मग नोकरी कशाला? माझा भाऊ म्हणतो, फौजी लोकांना सिव्हिलमध्ये कोणी विचारत नाही, त्यांच्यात बेकारी जास्तच असते, सर्व्हिस सोडायलाच नको होती. भाऊ यांच्याच वयाचा आहे, कंपनीत मॅनेजर झालाय. हे काही बोलत नाहीत. पहाटे साडेचारला उठतात, आवरून बसतात, आणि मग दिवसभर करायला काही नसतं. भाऊ म्हणतो ते खरं आहे का? आणि यांना मी काय सांगू? ता. क. दिराचा मुलगा आता अग्निवीर म्हणून गेलाय. त्याचंही असंच होणार का?

*उत्तर*

ताई, आधी तुमच्या भावाचं बघू. त्याचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि घरात भांडण लावायला अर्धं खरंच पुरतं.

माजी सैनिकांची बेकारी आणि बाकीच्यांची बेकारी शेजारी शेजारी ठेवून मोजायचं काम अमेरिकेचं कामगार खातं वर्षानुवर्षं करतं, म्हणून उदाहरण तिथलं घेतो. २०११ साली तिथे मंदीचा मार अजून ओसरला नव्हता. त्या वर्षी सगळ्या माजी सैनिकांमध्ये बेकारीचं प्रमाण ८.३ टक्के होतं आणि सैन्यात कधीच न गेलेल्यांमध्ये ८.७ टक्के. म्हणजे फौजी उलट किंचित सरस. पण सप्टेंबर २००१ नंतरच्या काळात सैन्यात सेवा बजावून परतलेले तेवढे वेगळे काढले, तर त्यांच्यात १२.१ टक्के. त्यातही १८ ते २४ वयाचे तरुण पुरुष घेतले तर २९.१ टक्के, आणि त्याच वयाच्या सैन्यात न गेलेल्या पोरांमध्ये १७.६ टक्के. पुढे काळ सुधारला. २०२३ मध्ये माजी सैनिकांची बेकारी २.८ टक्क्यांवर होती, बाकीच्यांपेक्षा कमीच.

आता हे आकडे भावाला दाखवायचे असतील तर सगळे दाखवा. जुने फौजी, ज्यांना येऊन दहा-पंधरा वर्षं झाली, ते नागरी माणसांच्या बरोबरीने किंवा पुढे आहेत. मागे पडतात ते नुकतेच आलेले आणि वयाने लहान असलेले. रँड नावाच्या अमेरिकन संशोधन संस्थेने २०१४ मध्ये याच प्रश्नावर अहवाल काढला होता. त्यातही हेच दिसलं की फरक तरुण आणि नव्याने बाहेर पडलेल्या माजी सैनिकांपुरता आहे, आणि काळ जाईल तसा तो मिटत जातो. म्हणजे ही अडचण फौजी असण्याची कमी आणि नुकतंच येण्याची जास्त आहे. तुमचे यजमान सध्या त्याच टप्प्यावर उभे आहेत.

या टप्प्यावर होतं काय, तर तुमच्या भावाने बाविसाव्या वर्षी पहिली नोकरी शोधली, तेव्हा पाच-सहा ठिकाणी नकार खाल्ला असेल. त्या वयात नकाराचं कोणी काही मनावर घेत नाही. मग कोणीतरी ओळखीने चिकटवलं, तिथून दुसरीकडे गेला, तिथे मुलाखतीत बोलायला शिकला, पगार कसा मागायचा ते शिकला. तुमच्या यजमानांनी बाविसाव्या वर्षी भरती दिली, ती मैदानावर. त्यानंतर सतरा वर्षांत नोकरी मागायची वेळच आली नाही. पोस्टिंगचा हुकूम यायचा, पेटी उचलायची आणि जायचं. आता एकोणचाळिसाव्या वर्षी, बायको-मुलं, आईवडील आणि मेहुणा बघत असताना, ते आयुष्यातली पहिली नोकरी शोधतायत. बाविशीतल्या पोरांना जे माफ असतं ते त्यांना नाही. मॅनेजर झालेल्या मेहुण्याशी त्यांची तुलना करणं म्हणजे एकाची सतरा वर्षं मोजायची आणि दुसऱ्याची सोडून द्यायची.

ओळखींचंही तसंच. खासगी नोकऱ्यांपैकी बऱ्याचशा जाहिरातीशिवायच भरतात. कोणाच्या तरी तोंडून कळतं की अमक्या ठिकाणी माणूस हवाय. तुमच्या यजमानांची सगळी ओळख युनिटमध्ये. ती माणसं देशभर विखुरलेली, आणि निम्मी अजून सर्व्हिसमध्ये.

सासऱ्यांच्या बोलण्याकडे येतो. पेन्शन आहे म्हणून घाई नाही, हे त्यांचं बरोबर आहे, आणि ते दुर्लक्ष करण्यासारखं नाही. ज्याच्या घरात पुढच्या महिन्याला काहीच येणार नाही तो मिळेल ते काम धरतो. पेन्शनवाला थांबू शकतो, म्हणून त्याचा शोध लांबतो. दहा महिन्यांमधला काही भाग याच्यामुळे आहे, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण हवालदाराची पेन्शन म्हणजे शेवटच्या मूळ पगाराच्या साधारण निम्मी, आणि मुलांच्या शिक्षणाचा मोठा खर्च तर अजून पुढेच आहे. साठाव्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन आणि एकोणचाळिसाव्या वर्षी आलेल्याची पेन्शन, दोन्हींना एकच शब्द वापरतात म्हणून सासऱ्यांना दोन्ही सारख्या वाटतायत. शिवाय पहाटे साडेचारला आवरून बसणाऱ्या माणसाला पैशापेक्षा काम हवं असतं. ते पेन्शनमध्ये येत नाही.

त्यात बेकारी मोजायची पद्धतही अशी की ज्याला काम नाही आणि जो काम शोधतोय तोच बेकार. उद्या यजमानांनी ती वॉचमनची ड्युटी धरली असती तर ते बेकार उरले नसते, त्यांचा आकडा 'नोकरीला आहे' या रकान्यात गेला असता. भाऊही गप्प बसला असता. पण डेपोचा हिशेब ठेवणारा माणूस बारा तास गेटवर वहीत गाडी नंबर लिहितोय, हे कुठल्याच टक्केवारीत दिसत नाही. आपल्याकडे माजी सैनिकांचं खरं दुखणं माझ्या मते हे आहे. दरवर्षी सुमारे ६०,००० जण तिन्ही दलांतून बाहेर पडतात, बहुतेक पस्तीस ते पन्नासच्या दरम्यानचे, हातात कुठलं ना कुठलं कसब असलेले, आणि आपल्या समाजाला त्यांच्यासाठी गेटच सुचतं.

म्हणून त्यांनी नाही म्हटलं ते बरोबर केलं असं मला वाटतं. वॉचमनचं काम हलकं आहे म्हणून नव्हे. बारा तासांच्या ड्युटीनंतर अभ्यासाला, मुलाखतीला, चार माणसांना भेटायला वेळ उरत नाही, आणि एकदा बायोडाटावर 'सिक्युरिटी' आलं की पुढचा फोनही सिक्युरिटीचाच येतो. करायचंच असेल तर निदान पुनर्वसन महासंचालनालयाच्या, म्हणजे डीजीआरच्या यादीतल्या एजन्सीमार्फत करावं. तिथे गार्ड प्रामुख्याने माजी सैनिकच घ्यावे लागतात आणि पगार डीजीआरने ठरवून दिलेल्या दराने द्यावा लागतो. कोपऱ्यावरच्या एजन्सीपेक्षा ते पुष्कळ बरं. महाराष्ट्रात मेस्को, म्हणजे माजी सैनिक महामंडळ, हीदेखील एक वाट आहे. तिथेही सुपरवायझरच्या जागेबद्दल आधी विचारावं.

आता सरकारी नोकरी. इथे बहुतेक घरांमध्ये एक गैरसमज असतो, की आरक्षण आहे म्हणजे जागा ठेवलेलीच आहे. कागदावर आहेच. केंद्र सरकारच्या गट क मध्ये १० टक्के, गट ड मध्ये २० टक्के (त्यातली गट ड ची बहुतेक पदं सहाव्या वेतन आयोगानंतर गट क मध्येच गेली, तेव्हा त्या २० टक्क्यांचा फार उपयोग राहिला नाही). केंद्राच्या सार्वजनिक कंपन्या आणि सरकारी बँकांमध्ये गट क ला १४.५ आणि गट ड ला २४.५ टक्के. महाराष्ट्र सरकारच्या क आणि ड गटांत १५ टक्के समांतर आरक्षण. आता प्रत्यक्ष बघा. जून २०२१ च्या डीजीआरच्या आकडेवारीप्रमाणे, ज्या केंद्रीय खात्यांनी माहिती दिली त्यांच्याकडे गट क च्या कर्मचाऱ्यांमध्ये माजी सैनिक होते १.२९ टक्के, गट ड मध्ये २.६६ टक्के. सार्वजनिक कंपन्यांच्या गट क मध्ये १.१५ टक्के. सरकारी बँका तेवढ्या वेगळ्या: गट क मध्ये ९.१० आणि गट ड मध्ये २१.३४ टक्के.

जागा असून माणसं नाहीत, असं का? आरक्षणाने जागा राखली जाते, परीक्षा माफ होत नाही. समोर दोन-तीन वर्षं क्लास लावून बसलेली पोरं असतात, आणि पेपर त्यांच्याच अभ्यासाचा असतो. माजी सैनिकांचा कट-ऑफ खाली असतो, पण किमान गुण तर पडावेच लागतात. तेवढा पात्र उमेदवार मिळाला नाही की ती जागा इतरांमधून भरली जाते. तेव्हा तुमच्या यजमानांनी दोन परीक्षा दिल्या आणि राहिले, यात नवल काही नाही. प्रश्न एवढाच की त्या दोन परीक्षांसाठी ते अभ्यासाला किती बसले होते. पत्रात तुम्ही फॉर्म भरल्याचं लिहिलंय, अभ्यासाचं लिहिलेलं नाही.

बँकांकडे बघा हे माझं म्हणणं. तिथे माजी सैनिक घेण्याची सवय आहे, सशस्त्र गार्डच्या जागा तर जवळजवळ त्यांच्याच. पण तुमच्या यजमानांनी गार्डपेक्षा क्लार्कच्या परीक्षेवर डोळा ठेवावा. स्टोअरचा हिशेब ठेवलेल्या माणसाला आकडेमोड जड जात नाही. जड जाईल तो वेग, आणि तो सरावाने येतो. पहाटे साडेचार ते सात हा वेळ त्यांच्याकडे आहेच. त्या वेळी घरात बाकी कोणी उठलेलं नसतं, म्हणजे वेळ ठरवायचा प्रश्नही मिटला.

वयाची काळजी करू नका. केंद्राच्या गट क च्या भरतीत प्रत्यक्ष वयातून सैन्यातली सेवा वजा करतात, आणि जे उरतं ते कमाल मर्यादेच्या वर तीन वर्षांपर्यंत गेलं तरी चालतं. एकोणचाळीसमधून सतरा गेले, उरले बावीस. अठ्ठावीसची मर्यादा असलेल्या परीक्षेला ते अजून बरीच वर्षं बसू शकतात. मुदतीआधी स्वतःहून पेन्शन घेतली म्हणून माजी सैनिकाचा दर्जा जातो, असं कोणी सांगितलं असेल तर तेही चुकीचं. पेन्शनला पात्र होऊन आलेला माणूस माजी सैनिकच.

त्या ग्रॅज्युएशनच्या सर्टिफिकेटबद्दल मात्र स्पष्ट सांगतो, कारण त्यावरून फार जणांचा भ्रमनिरास होतो. दहावी पास आणि किमान १५ वर्षं सेवा झालेल्या माजी सैनिकाला केंद्राच्या गट क मधल्या राखीव जागेसाठी पदवीधर धरता येतं, तेही तांत्रिक किंवा व्यावसायिक अनुभव अत्यावश्यक नसलेल्या पदासाठी. त्या चौकटीत ते सर्टिफिकेट चोख चालतं. खासगी कंपनीवर ते मानायचं बंधन नाही. गोदामवाल्यांनी ते बाजूला ठेवलं त्यात अपमान नव्हता, त्यांना ते कशाचं आहे हेच कळलं नसणार. खासगीतच जायचं पक्कं झालं तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून किंवा इग्नूमधून रीतसर पदवीला नाव घालावं. तीन वर्षं तशीही जाणारच आहेत.

आणखी एक नियम आहे, त्यात लोक हकनाक अडकतात. माजी सैनिकाचं आरक्षण घेऊन एकदा सरकारी नोकरीत रुजू झालं की पुढच्या नोकरीसाठी ते आरक्षण पुन्हा मिळत नाही. त्यामुळे काही जण चांगली जागा लागेपर्यंत छोटी जागा घेतच नाहीत आणि घरी बसतात. त्याची गरज नाही. केंद्राच्या ऑगस्ट २०१४ च्या आदेशाप्रमाणे, पहिल्या नोकरीत रुजू होण्याआधी ज्या ज्या पदांसाठी अर्ज केले होते त्यांची तारखेसकट यादी रुजू होताना लिहून दिली, तर त्या पदांसाठी लाभ टिकतो. आणि खासगी, कंत्राटी किंवा तात्पुरत्या कामामुळे, जिथून मालक केव्हाही काढू शकतो, हा लाभ जात नाही. म्हणजे गोदामात नोकरी धरून बँकेचा अभ्यास करायला कोणाचीच हरकत नाही. राज्याच्या भरतीत नियमांचे शब्द थोडे वेगळे असू शकतात, ते त्या त्या जाहिरातीतून वाचून घ्या. आणि हो, हवालदारापर्यंतच्या माणसाला सरकारी नोकरी लागली तर पगार ठरवताना त्याची पेन्शन मोजत नाहीत. पगार पूर्ण, पेन्शन वेगळी. हे सासऱ्यांना आवर्जून सांगा.

आता त्या पाच मिनिटांच्या मुलाखतीकडे येऊ. मला वाटतं तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तेच आहे. "स्टोअर बघायचो."

फौजेत हे उत्तर पुरेसं असतं. समोरच्याला स्टोअर म्हणजे काय ते माहीत असतं, आणि स्वतःबद्दल जास्त बोलणारा माणूस तिथे आगाऊ ठरतो. मुलाखत घेणाऱ्या पोराच्या डोळ्यांसमोर मात्र कुलूप लावलेली एक खोली आली असणार. तुम्ही दोघं एका संध्याकाळी वही घेऊन बसा आणि त्यांना विचारा. स्टोअरमध्ये किती प्रकारच्या वस्तू होत्या? हाताखाली किती माणसं होती? मोजणी वर्षातून किती वेळा व्हायची? लेजर हाताने होतं की कॉम्प्युटरवर? वस्तूंची मुदत कशी सांभाळायचात, आधी आलेला माल आधी बाहेर जावा म्हणून काय करायचात? ऑडिटला काही तफावत निघाली का, आणि निघाली तेव्हा काय केलं? ट्रेनने किंवा ताफ्याने माल हलवताना कागदपत्रं कोण करायचं? ते आधी म्हणतील, यात सांगण्यासारखं काय आहे, सगळेच करतात. लिहून घ्या. दोन पानं भरतील.

मग त्या दोन पानांतून पाच-सहा ओळी काढायच्या, गोदामवाल्याच्या भाषेत. 'हवालदार, एसकेटी' (म्हणजे स्टोअरकीपर टेक्निकल) याऐवजी वरती 'गोदाम आणि साठा व्यवस्थापन, सतरा वर्षं'. खाली: इतक्या प्रकारच्या मालाचा साठा सांभाळला, इतक्या माणसांची टीम, दरवर्षी इतक्या वेळा प्रत्यक्ष मोजणी, ऑडिटमध्ये इतकी तफावत. खरे आकडे, फुगवलेले नकोत. युनिटचं नाव, ठिकाण, कुठला माल होता याचा तपशील, यातलं काही लिहायचं नाही. त्याची गरजही नाही, ते सांभाळता येतं एवढं समोरच्याला कळलं की झालं. हुद्दा आणि सेवेची वर्षं शेवटी एका ओळीत. आणि मुलाखतीत "काय करत होतात" असं विचारलं की निदान दोन मिनिटं बोलायचं. हे घरी, मोठ्याने, घड्याळ लावून करावं लागेल. पहिल्यांदा त्यांना फार अवघडल्यासारखं होईल. मुलांना मुलाखत घ्यायला बसवा, ती कोणाची भीड ठेवत नाहीत.

पोस्ट कुठली मागायची? स्टोअर सुपरवायझर, डिस्पॅच, इन्व्हेंटरी. कुरिअर आणि ऑनलाइन मालाच्या गोदामांमध्ये, हॉस्पिटलच्या औषध भांडारात, कारखान्याच्या स्टोअरमध्ये अशी माणसं लागतात. तिथे सॉफ्टवेअर येतं का, हे नक्की विचारतील. एक्सेल आधी शिकून घ्यावं, आणि स्टोअरचं एखादं सॉफ्टवेअर निदान बघून ठेवावं. (सर्व्हिसच्या शेवटच्या काळात डीजीआरचे पुनर्वसनाचे कोर्स मिळतात, त्यात हे सगळं शिकता येतं. तुमच्या यजमानांच्या बाबतीत ती वेळ निघून गेली, पण हे वाचणारं कोणी अजून सर्व्हिसमध्ये असेल तर तो कोर्स सोडून सुट्टी घेऊ नका.) पहिली जागा त्यांच्या लायकीच्या एक पायरी खालीच मिळेल, आणि साहेब त्यांच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान असेल. याची मनाची तयारी आधी झालेली बरी. फौजेत विशीतल्या लेफ्टनंटला त्यांनी साहेब म्हटलंच आहे, तेव्हा ते जमणार नाही असं मला वाटत नाही.

सैनिक बोर्डातल्या नोंदणीचं म्हणाल, तर ती हवीच, पण नुसती नोंदणी करून फोनची वाट बघू नये. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात महिन्यातून एकदा स्वतः जावं, नवीन बायोडाटा द्यावा, नोंदणी चालू आहे का बघावं, आणि तिथे आलेल्या चार माजी सैनिकांशी बोलावं. खरं सांगायचं तर कामाची बातमी खिडकीच्या आतल्यापेक्षा बाहेर बाकावर बसलेल्या माणसांकडून जास्त कळते.

तुम्ही विचारलंय, यांना मी काय सांगू. मी म्हणेन, सांगू काहीच नका, एक काम सोडा. फॉर्म भरणं बंद करा. मदत म्हणून सुरू केलं असणार हे मला कळतं, आणि तुमच्यामुळे एकही तारीख चुकली नाही हेही खरं. पण त्यात असं झालंय की नोकरी शोधताय तुम्ही, आणि ते तुमच्या शोधाचे उमेदवार झालेत. जाहिरात त्यांनी वाचावी, पद त्यांनी निवडावं, फोटो-सहीची साइज चुकली म्हणून फॉर्म परत आला तर त्यांनीच वैतागावं. मोबाइल त्यांच्या हातात द्या. मनाला लागेल असं वाटत असेल तर सरळ म्हणा, की मला वेळ होत नाही.

भावाला मात्र तुम्हीच सांगा, यजमानांसमोर नको. सर्व्हिस सोडायला नको होती, हे वाक्य आता कोणाच्याच उपयोगाचं नाही, सोडलेली सर्व्हिस परत मिळत नाही. तो मॅनेजर आहे ना, मग त्याच्याकडे काम मागा: तो बायोडाटा त्याच्या एचआरवाल्याने एकदा नजरेखालून घालावा, आणि त्याच्या ओळखीच्या दोन गोदामवाल्यांचे नंबर द्यावेत. बोलणाऱ्या नातेवाइकाला कामाला लावलं की त्याचं बोलणं आपोआप कमी होतं, हा माझा जुना अनुभव आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. ते गप्प असतात एवढंच असेल तर काम लागल्यावर बोलू लागतील. पण झोप उडाली असेल, पिणं वाढलं असेल, क्षुल्लक गोष्टीवर अंगावर धावून येणं किंवा जगण्यात अर्थ नाही असं बोलणं सुरू झालं असेल, तर नोकरीची वाट बघत थांबू नका. ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या, पॉलिक्लिनिकमध्ये न्या, तिथून मानसोपचार तज्ज्ञाकडे पाठवतात. त्यासाठी ते कार्ड आहे.

मुदत एक ठरवा, आणि ती त्यांना ठरवू द्या. माझ्या मते बँक आणि राज्याच्या परीक्षांसाठी दीड वर्ष पुरे, आणि त्या दीड वर्षात गोदामाची किंवा स्टोअरची नोकरी चालू असावी. घरी बसून नुसती तयारी करणारा चाळिशीचा माणूस सहा महिन्यांत स्वतःवरच वैतागतो. दीड वर्षात नाही झालं तर परीक्षेचं दप्तर बंद, आणि खासगीतच पुढची पायरी चढायची.

राहिला दिराचा मुलगा. त्याची काळजी मला तुमच्या यजमानांपेक्षा जास्त वाटते. अमेरिकेतले जे २९ टक्के मी वर सांगितले, ते त्याच्या वयाच्या पोरांचे आहेत. अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. चार वर्षांनी शंभरातले पंचवीसपर्यंत कायम होतात, बाकीचे सेवानिधीचे सुमारे ११.७१ लाख रुपये घेऊन घरी येतात. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही, म्हणजे वर सांगितलेलं माजी सैनिकांचं आरक्षणही नाही. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत आणि आसाम रायफल्समध्ये अग्निवीरांसाठी १० टक्के जागा जाहीर झाल्या होत्या, पुढे त्यात कुठल्या दलासाठी काय बदललं ते त्या त्या वेळच्या जाहिरातीत बघावं लागेल. आपण त्या पंचविसात असूच, असं प्रत्येक पोराला वाटतं, आणि ते वाटलंच पाहिजे, नाहीतर ट्रेनिंग कसं निभावेल? पण घरच्यांनी त्या पंचाहत्तरांचा हिशेब धरावा. दहावीवर गेला असेल तर चार वर्षांत बारावी पूर्ण व्हायला हवी, बारावीवर गेला असेल तर मुक्त विद्यापीठाची पदवी. सुट्टीवर येईल तेव्हा काकांनी त्याला बसवून विचारावं, तुझा ट्रेड कुठला, त्यात रोज काय करतोस, आणि ते वहीत लिहून ठेवायला लावावं. सेवानिधीचे पैसे आले की गाडीची चर्चा सुरू होईल. त्या चर्चेत तुमच्या यजमानांनी असावं, कारण घरात त्या पोराला पटेल असं बोलू शकणारा माणूस सध्या तेवढा एकच आहे.